पाणीपट्टी आणि मैलापाण्याचा आकार: 800 जोडण्यांच्या योजनेत दर कसे बसवावेत?

योजना_सचिव

एका सामायिक पाणीयोजनेचे दर नव्याने ठरवायचे आहेत. आजवर सगळ्यांना सरसकट एकच पट्टी होती. आता मीटर बसले आहेत, बारा महिन्यांची वाचनंही हाताशी आहेत, पण बिल अजून मीटरप्रमाणे निघत नाही. मैलापाण्याच्या वाहिन्या आणि छोटं प्रक्रिया केंद्र नुकतंच सुरू झालं आहे, त्याचाही आकार सोबतच ठरवायचा आहे.

माहिती अशी (युनिट म्हणजे 1000 लिटर, रक्कम कोणत्याही चलनात धरा, प्रमाण तेच राहतं):

जोडण्या 800. घरं 720, दुकानं 60, एकाच जोडणीवर प्रत्येकी साधारण दहा कुटुंबं असलेल्या इमारती 18, एक लाँड्री आणि एक दूध प्रक्रिया केंद्र. मीटर 15 मिमीचे 770, 20 मिमीचे 10, 25 मिमीचे 14 आणि 40 मिमीचे 6.

वर्षाला टाकीतून सोडलेलं पाणी 1,80,000 युनिट, मीटरवर नोंदलेलं 1,26,000. घराचा सरासरी वापर महिना 10 युनिट, दुकानाचा 15, इमारतीचा 100, लाँड्री आणि दूध केंद्राचा प्रत्येकी 300.

पाण्याचा वार्षिक खर्च: वीज 2,60,000, रसायनं 60,000, पगार 2,90,000, दुरुस्ती 1,20,000, वाचन आणि बिलवाटप 90,000, कर्जाचा हप्ता 1,80,000. एकूण 10,00,000.

समितीपुढे आलेला प्रस्ताव टप्पेवार दरांचा आहे: 10 युनिटपर्यंत 6, 10 ते 20 ला 10, 20 ते 40 ला 15, त्यापुढे 20. स्थिर आकार शून्य. मैलापाण्यासाठी पाण्याच्या बिलाच्या सरसकट 50 टक्के. हे कितपत न्याय्य आहे? आणि 30 टक्के पाणी हिशेबातच येत नाही, त्याचा बोजा लोकांवर टाकावा का?

---

ताळेबंद

दराकडे शेवटी या. आधी वर्षाला नेमकी किती रक्कम उभी राहायला हवी ते बघा, कारण तुमचे 10 लाख अपुरे आहेत. त्यात बदली निधी नाही. पंप, मीटर, वाहिन्या एक दिवस बदलाव्या लागणारच. तो पैसा आज दरात नसेल तर त्या दिवशी एकदम वर्गणी निघते किंवा योजना बंद पडते. अनुदानातून आलेला पंपसुद्धा तितकाच झिजतो, त्यामुळे "ते आम्हाला फुकट मिळालं होतं" म्हणून तो वगळू नका.

हिशेब साधा आहे. प्रत्येक वस्तूची आजची बदली किंमत घ्या, खरेदीच्या वेळची नको, आणि ती आयुष्याने भागा. नमुना देतो, आकडे तुमचे घाला:

पंपसंच 3,00,000 ÷ 12 वर्षं = 25,000
मीटर 800 × 400 = 3,20,000 ÷ 10 = 32,000
शुद्धीकरणाची यंत्रं 6,00,000 ÷ 20 = 30,000
जलकुंभ 15,00,000 ÷ 50 = 30,000
वाहिन्या 49,80,000 ÷ 60 = 83,000

बेरीज 2,00,000. निधीवरचं व्याज आणि महागाई ढोबळमानाने एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून चक्रवाढीच्या कोष्टकात शिरायची गरज नाही. किमती मात्र दरवर्षी नव्याने भरा. हा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा आणि ठरावाशिवाय काढता येणार नाही अशी अट घाला. चालू खात्यात राहिला तर तो पगारात जिरतो. एक सावधगिरी: ज्या वाहिनीचं कर्ज फेडणं चालू आहे, तिचाच पूर्ण बदली निधीही त्याच वर्षांत घेतला तर एका पिढीकडून दोनदा वसुली होते. तिथे हप्ता संपेपर्यंत निधी अर्धा ठेवला तरी चालतं.

मग खेळतं राखीव: चालू खर्चाच्या 60 दिवसांइतकं. तुमचा हप्ता सोडून चालू खर्च 8,20,000 आहे, म्हणजे राखीव साधारण 1,35,000. ते तीन वर्षांत उभं करायचं, वर्षाला 45,000. बुडीत थकबाकीसाठी 15,000. एकूण गरज 12,60,000, म्हणजे विकलेल्या युनिटमागे सरासरी बरोबर 10. (उशिरा येणारा पैसा बुडीत धरू नका. 90 टक्के वसुली होते म्हणून दर सरळ 11 टक्क्यांनी चढवणं म्हणजे वेळेवर भरणाऱ्याला दंड.)

आता कोणता खर्च कशामुळे होतो त्याप्रमाणे वाटणी.

जोडणी आहे म्हणून होणारा खर्च: वाचन-बिल 90,000, मीटर बदली 32,000, बुडीत 15,000. मिळून 1,37,000. 800 जोडण्या आणि 12 महिन्यांनी भागलं की दर जोडणी 14.27.

क्षमता राखून ठेवल्याचा खर्च: हप्ता आणि राखीव मिळून 2,25,000. हा मीटरच्या क्षमतेनुसार वाटायचा. कायमच्या प्रवाहाचे (मीटर सतत अचूक मोजू शकतो तो सर्वाधिक प्रवाह) प्रचलित आकडे घेतले तर (15 मिमीला ताशी 2.5 घनमीटर, 20 ला 4, 25 ला 6.3, 40 ला 16) प्रमाण 1, 1.6, 2.5, 6.4 येतं. तुमच्या मीटरांची समतुल्य संख्या 770 + 16 + 35 + 38.4 = 859.4. भागाकार 21.82.

म्हणजे स्थिर आकार 15 मिमीला महिना 36, 20 ला 49, 25 ला 69, 40 ला 154. स्थिर आकारातून 3,62,000 येतात, एकूण गरजेच्या 29 टक्के. उरलेले 8,98,000 भागिले 1,26,000 युनिट, दर 7.13.

हा दर छापू नका. तो ज्या वापरावर काढलाय तो सरसकट पट्टीच्या काळातला आहे. मीटरप्रमाणे बिल सुरू झालं की वापर 10 ते 20 टक्के उतरणं अगदी नेहमीचं. 15 टक्के धरा: विक्री 1,07,100 युनिट. वीज आणि रसायनं मिळून 3,20,000, सोडलेल्या युनिटमागे 1.78, म्हणून 18,900 युनिट कमी उपसल्याने वाचतात फक्त 33,600. उत्पन्न मात्र जवळपास 1,35,000 ने घटतं. वर्षाअखेर एक लाखाची तूट, आणि मग "मीटर बसवून तोटाच झाला" अशी बोंब. दर नव्या वापरावरच काढा: (8,98,000 − 33,600) ÷ 1,07,100 = 8.07.

पुढे दर वाढवतानाही हेच भान ठेवा. दर 20 टक्के चढवला आणि वापर 6 टक्के उतरला तर दरातून येणारं उत्पन्न 1.20 × 0.94, म्हणजे जेमतेम 12.8 टक्के वाढतं.

---

उंटावरचा_शहाणा

ताळेबंद यांच्या हिशेबात चूक नाही, पण 36 चा स्थिर आकार कुणाच्या माथी बसतो ते पाहा. महिना 5 युनिट वापरणारं घर 36 + 40.35 = 76.35 भरणार, म्हणजे युनिटला 15 च्या वर. 15 युनिटवालं घर 36 + 121.05 = 157.05, युनिटला साडेदहा. एकटी म्हातारी माणसं आणि काटकसर करणारे महाग पाणी पिणार. यावर उपाय आहे, खाली येतो. आधी टप्प्यांकडे.

टप्पेवार दर गरिबाला स्वस्त आणि उधळ्याला महाग, असं सगळे धरून चालतात. तुमच्या प्रस्तावात इमारतींचं काय होतं ते मांडतो. दहा कुटुंबं, एक जोडणी, 100 युनिट:

पहिले 10 × 6 = 60
पुढचे 10 × 10 = 100
पुढचे 20 × 15 = 300
उरलेले 60 × 20 = 1200

एकूण 1660, कुटुंबामागे 166. स्वतंत्र नळ असलेलं कुटुंब तेवढ्याच 10 युनिटला 60 भरतं. एका जोडणीवर दाटीने राहणारे बहुधा भाडेकरू आणि कमी उत्पन्नाचे असतात, आणि पावणेतीन पट तेच मोजणार. मोठ्या कुटुंबाचंही तेच: आठ माणसांचं घर वरच्या टप्प्यात जातं ते माणसं आठ आहेत म्हणून, त्यात उधळपट्टी कुठली?

टप्पे ठेवायचेच असतील तर टप्प्याची रुंदी कुटुंबसंख्येने गुणा. दहा कुटुंबांच्या इमारतीला पहिला टप्पा 100 युनिटचा, बिल 600. यासाठी कुटुंबांची यादी लागते आणि ती दरवर्षी तपासावी लागते, नाहीतर कागदावर कुटुंबं वाढत जातात.

पहिला टप्पा रुंद ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीत मूलभूत गरजा भागायला माणशी रोज 50 ते 100 लिटर धरतात. पाच माणसांना 50 लिटरने महिना साडेसात युनिट. तुमचा सरासरी वापरच 10 आहे. पहिला टप्पा 10 चा केला की सवलत जवळजवळ प्रत्येकाला मिळते, बंगल्यातल्याच्या पहिल्या दहा युनिटलाही. मग ती सवलत भरून काढायला वरचे टप्पे भरमसाट चढवावे लागतात.

आणखी एक खोच. टप्पेवार दरातलं उत्पन्न सरासरीवरून काढता येत नाही. सगळी घरं 10 युनिट वापरत असतील तर घरटी 60 येतात. निम्मी 5 आणि निम्मी 15 वापरत असतील, तर सरासरी 10 च, पण 30 आणि 110 मिळून घरटी 70. तेच पाणी, उत्पन्नात सहाव्या हिश्शाचा फरक. म्हणून बारा महिन्यांच्या वाचनांतून 0–5, 5–10, 10–15 अशा गटांत किती बिलं पडतात याचं कोष्टक केल्याशिवाय टप्पे ठरवूच नका.

माझं मत: 800 जोडण्यांच्या योजनेत सगळ्यांना एकच दर ठेवा आणि गरजूंना बिलात थेट सूट द्या. समजा 90 कुटुंबांना स्थिर आकार पूर्ण माफ. खर्च 90 × 36 × 12 = 38,880. तो बाकी वापरावर पसरला तर युनिटला 36 शतांश. 8.07 चा दर 8.43 होतो. सवलत कुणाला, किती आणि कोण भरतंय हे सगळं उघड. इमारतीतल्या भाडेकरूला मात्र ही सूट आपोआप पोचत नाही, जोडणी मालकाच्या नावावर असते. तिथे सूट कुटुंबसंख्येनुसार त्या बिलात दाखवायची आणि बिलाची प्रत जिन्यात लावायला सांगायची.

परवडतं की नाही हे तपासताना सरासरी उत्पन्न घेऊ नका. पाणी आणि मैलापाणी मिळून घरखर्चाच्या 3 ते 5 टक्के ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी वापरतात, पण ती सर्वांत खालच्या पाचव्या हिश्शातल्या कुटुंबांना लावून पाहा. सरासरी कुटुंबाला 2 टक्के पडणारं बिल तळातल्या कुटुंबाला 8 टक्केही पडू शकतं.

---

मोजमाप

गळतीच्या प्रश्नावर. 54,000 युनिट हिशेबात नाहीत याचा अर्थ 54,000 युनिट जमिनीत मुरले असा नाही. त्यात खरी गळती आणि कागदी तूट (मीटर कमी दाखवणं, चोरून घेतलेल्या जोडण्या, वाचनातल्या चुका) दोन्ही असतात. वेगळं करण्याचं कारण पैशाचं आहे: मुरलेलं युनिट तुम्हाला 1.78 ला पडतं, पण वापरून न मोजलेलं युनिट 8.07 चं उत्पन्न बुडवतं. (स्रोत आटत असेल तर गळतीची किंमत अर्थातच 1.78 पेक्षा खूप जास्त.)

वेगळं करायची रीत: रात्री 2 ते 4 मध्ये जलकुंभाच्या बाहेरच्या मीटरवरचा प्रवाह मोजा. पाणी ठरावीक वेळच सुटत असेल तर चाचणीपुरतं दोन-तीन रात्री वाहिन्या सतत भरलेल्या ठेवा, आणि घरांच्या गच्चीवरच्या टाक्या आधी भरून घ्या, नाहीतर टाक्या भरण्याचा प्रवाह गळती म्हणून मोजाल. घरटी रात्रीचा खरा वापर ताशी 2 लिटर धरला तर 800 जोडण्यांना 1.6 घनमीटर. इमारतींसाठी थोडा वाढवा. मोजलेला प्रवाह ताशी 5 निघाला तर गळती ताशी 3.4. दिवसाची गळती काढताना 24 ने गुणू नका. रात्री दाब जास्त म्हणून गळतीही जास्त असते. 20 ने गुणा: रोज 68, वर्षाला साधारण 24,800 युनिट. म्हणजे उरलेले 29,000 कागदी. हा नमुना झाला, पण निकाल असा आला तर आधी खोदकाम नको, मीटर बघा.

मीटर कमी का दाखवतात? 15 मिमीचा, 2.5 चा, आर-80 मीटर (कायमच्या प्रवाहाच्या 80 व्या हिश्शापर्यंत अचूकतेची हमी असलेला) ताशी 31 लिटरच्या खाली अचूकतेच्या हमीत नसतो. आर-160 घेतला तर तीच मर्यादा साडेपंधरा लिटरवर येते. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक मिटत आला की प्रवाह नेमका या पट्ट्यात घसरतो आणि तिथेच तासन्‌तास राहतो. ताशी 10 लिटरची धार महिन्याला 7.2 युनिट होते, एका घराच्या सरासरी वापराच्या पाऊण पट, आणि मीटरची चक्री कदाचित हलतही नाही. मीटर आडवा, तबकडी वर, सरळ बसवलेला हवा. तिरका बसवला तर कमी प्रवाहावर आणखी आंधळा होतो. याच्या उलट, वाहिनी रिकामी होऊन परत भरते तेव्हा पुढे ढकललेली हवा मीटर फिरवते आणि लोक म्हणतात पाणी आलं नाही पण आकडा चढला. ते खरं असतं. उंच टोकांवर हवा सोडायच्या झडपा लागतात.

तुमच्या 40 मिमीच्या मीटरांकडे खास लक्ष द्या. 16 चा आर-80 मीटर ताशी 200 लिटरपासून पुढे अचूक. 100 युनिटवाल्या इमारतीचा सरासरी प्रवाह ताशी 139 लिटर. बॉलकॉकमधून संथ भरत असेल तर तो मीटर जन्मभर अचूक पट्ट्यात येणारच नाही, शिवाय इमारत स्थिर आकार सव्वाचार पट भरणार. दोन्ही बाजूंनी अन्याय. टाकी असलेल्या इमारतीला 20 मिमीचा मीटर बहुधा पुरतो. टाकी भरतानाचा सर्वाधिक प्रवाह एकदा मोजून खात्री करा. मीटर बदलले की ताळेबंद यांची 859 ही समतुल्य संख्याही बदलेल, ते गणित परत करावं लागेल.

दरात किती गळती घालायची? पाचएक वर्षांचं लक्ष्य जाहीर करा, समजा 30, 26, 22, 19, 17, आणि दर लक्ष्यावर काढा. लक्ष्य चुकलं तर तूट व्यवस्थापनाच्या खर्चातून जावी. जेवढी गळेल तेवढी ग्राहकांकडून भरून घेता आली की वाहिनी दुरुस्त करायची घाई कुणालाच राहत नाही.

---

मैलापाणी_प्रक्रिया

50 टक्के सरसकट हा प्रस्ताव सोडून द्या. पाण्याचा वीजखर्च वाढला म्हणून मैलापाण्याचा आकार का वाढावा? आणि टप्पेवार बिलाच्या 50 टक्के म्हणजे वर इमारतींवर दाखवलेला अन्याय दीडपट. मैलापाण्याचं खातं वेगळं, गरज वेगळी काढलेली, बिलात ओळ वेगळी.

खर्च चार ठिकाणी लावायचा: वाहिन्या, उपसा आणि चाळण्या प्रवाहावर, हवा देणारे ब्लोअर आणि त्यांची वीज बीओडीवर (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप), गाळ घट्ट करणं आणि वाळवणं निलंबित घनपदार्थांवर, बिलवाटप जोडणीवर. पावसाळ्यात सांध्यांतून आणि झाकणांतून शिरणारं पाणी कुणाच्याही नळाच्या वापरामुळे येत नाही, म्हणून त्याचा खर्च निम्मा तरी जोडणीवर टाका. किती शिरतं ते कोरड्या आणि पावसाच्या दिवसांच्या प्रवाहातल्या फरकावरून कळतं. छताचं पाणी मैलावाहिनीत सोडणाऱ्यांना दर लावू नका, जोडणी तोडायला लावा.

घरांसाठी प्रवाह म्हणजे पाण्याच्या मीटरचे युनिट × 0.85. बागेला पाणी घालणाऱ्यांची तक्रार येणारच. त्यांना बागेला पाणी न लागणाऱ्या तीन महिन्यांची सरासरी ही वर्षभराची कमाल मर्यादा द्या. स्वतःची विहीर असून मैलावाहिनी वापरणाऱ्यांना पाण्याचं बिलच नसतं, आणि 50 टक्क्यांच्या नियमात ते फुकट सुटतात. विहिरीच्या पंपावर मीटर, नाहीतर माणशी ठरावीक आकार.

आता दूध केंद्र. मीटरवर 300 युनिट, बाहेर पडतं समजा 270. घरगुती मैलापाण्याची बीओडी लिटरला 300 मिग्रॅ धरू, या केंद्राची 1500 निघाली असं समजू. घराचा महिन्याचा भार 8.5 × 0.3 = 2.55 किलो. केंद्राचा 270 × 1.5 = 405 किलो. प्रवाहाच्या हिशेबात ते 32 घरांएवढं, भाराच्या हिशेबात 159 घरांएवढं. सगळे जोडलेले धरले तर एकूण प्रवाहात त्याचा वाटा तीन टक्के आणि ब्लोअरला लागणाऱ्या भारात साडेतेरा टक्के. फक्त युनिटवर आकारलं तर तो फरक 720 घरं भरतात.

अधिभार असा:

प्रवाह × (मोजलेली बीओडी − 300) ÷ 1000 × किलोचा दर

इथे 270 × 1.2 = 324 किलो. किलोचा दर म्हणजे बीओडीवर लावलेला वार्षिक खर्च भागिले केंद्रात येणारी एकूण बीओडी. घनपदार्थांसाठी असंच वेगळं.

भांडण होतं ते नमुन्यावरून. एका बाटलीत उचललेला नमुना टाक्या धुण्याच्या वेळी घेतला तर दहापट येतो, दुपारी घेतला तर घरगुतीइतकाच. 24 तासांचा, दर तासाच्या प्रवाहाच्या प्रमाणात मिसळलेला नमुना घ्या, 4 अंशाला ठेवा, दोन भाग करा, एक त्यांना द्या. बीओडीला 20 अंशावर पाच दिवस लागतात. नेहमीच्या तपासणीला सीओडी (रसायनाने काही तासांत मोजलेली ऑक्सिजनची गरज) वापरून सुरुवातीच्या आठ-दहा नमुन्यांवरून दोन्हींचं गुणोत्तर बसवलं तरी चालतं. काही गोष्टींना किंमत लावायचीच नाही: विषारी रसायनं, तीव्र आम्ल किंवा अल्कली, सॉल्व्हंट. त्यांना बंदीच. "पैसे भरतो, सोडू द्या" असं म्हणता आलं तर एका रात्रीत केंद्रातले जिवाणू मरतात. लाँड्रीचं पाणी गरम आणि अल्कधर्मी असतं, तिथे बीओडीच्या आधी सामू तपासा.

वाहिनी न पोचलेल्या, शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी असलेल्या घरांकडून वाहिनीचा आकार घेऊ नका. गाळ उपसण्याचा खर्च मात्र मासिक हप्त्यात घ्या: तीन वर्षांतून एक खेप असेल तर खेपेचा खर्च भागिले 36. एकरकमी मागितला की लोक टाकी तुंबेपर्यंत थांबतात. आणि टँकर केंद्रात थेट रिकामा करू देऊ नका. तो गाळ घरगुती मैल्याच्या कित्येक पट दाट असतो. साठवण टाकीतून थोडा थोडा सोडा.

---

योजना_सचिव

टप्पे रद्द करून एकच दर आणि थेट सूट, यावर समितीत मत वळवता येईल असं वाटतं. दोन गोष्टी राहिल्या. काही सदस्य म्हणतात खर्चाचा मोठा भाग स्थिरच आहे, तर स्थिर आकार 29 ऐवजी 60 टक्के करा, उत्पन्न पक्कं होईल. आणि मीटर वाचनाला माणूस एकच आहे, घरं बंद असतात, वाचन कधी 30 दिवसांनी तर कधी 38 दिवसांनी होतं. याने दरात काही बिघडतं का?

---

ताळेबंद

60 टक्के केलं तर 12,60,000 पैकी 7,56,000 स्थिर. आजच्या समतुल्य संख्येने 15 मिमीला महिना 73 च्या आसपास आणि युनिटचा दर साडेचारच्या खाली. उत्पन्न पक्कं होतं हे खरं, पण पाणी वाचवून बिल जवळजवळ उतरतच नाही आणि 5 युनिटवाल्या घरावरचा भार आणखी वाढतो. खर्च स्थिर आहे म्हणून आकारही तेवढाच स्थिर हवा, असा नियम नाही. जलकुंभ आणि वाहिन्या मोठ्या घ्याव्या लागतात त्या सर्वाधिक मागणीच्या दिवसासाठी, आणि ती मागणी वापरातूनच येते. उत्पन्नाच्या चढउताराची भीती असेल तर राखीव 60 ऐवजी 90 दिवसांचं करा. मी 25 ते 35 टक्क्यांच्या बाहेर जाणार नाही.

---

उंटावरचा_शहाणा

एवढं जोडतो: स्थिर आकारात पहिले 3 युनिट धरून दिले तर छोट्या घरांची तक्रार बरीच शमते. फक्त त्या युनिटचे पैसे दरातून येणार नाहीत, हे दर काढताना धरायला विसरू नका.

---

मोजमाप

38 दिवसांचं सांगतो. एकच दर ठेवलात तर वाचन उशिरा झाल्याने ग्राहकाचं नुकसान होत नाही, युनिट तेवढेच. स्थिर आकार मात्र महिन्याचाच घ्या, बिलाचा नव्हे. टप्पे ठेवलेत तर बिघडतं: रोज तिसरा हिस्सा युनिट वापरणारं घर 30 दिवसांत 10 युनिटवर थांबतं, 38 दिवसांत 12.67 वर जातं आणि 2.67 युनिटला विनाकारण वरचा दर लागतो. तिथे टप्प्याची मर्यादा 10 × 38 ÷ 30 अशी दिवसांच्या प्रमाणात ताणावी लागते. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे आहे का ते घेण्यापूर्वी विचारा.

बंद घराला मागच्या तीन वाचनांची सरासरी, बिलावर "अंदाजे" असा शिक्का, आणि लागोपाठ दोनपेक्षा जास्त अंदाज नकोत. तिसऱ्या वेळी मीटरचा फोटो मागवा. तबकडी आणि मीटर क्रमांक एकाच फोटोत दिसायला हवेत, नाहीतर शेजारचा आकडा येतो. काळे अंक युनिटचे, लाल अंक लिटरचे हे बिलाच्या मागे छापा. लाल अंकांसकट वाचलेलं एक बिल निघालं की हजारपट रक्कम येते आणि पुढचे दोन महिने सगळेच बिलावर शंका घेतात. म्हणून बिल छापण्यापूर्वी मागच्या सरासरीच्या अडीचपट किंवा चतुर्थांशाखाली गेलेली वाचनं वेगळी काढून परत तपासायची. 800 जोडण्यांत अशी फार निघत नाहीत, एका दुपारचं काम आहे.